पट, पॉलिगॉन आणि पोर्टेबल : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. घर नकाशावरच्या कुठल्या रेघेच्या आत येतं त्यावर मूल कुठल्या एलिमेंट्रीत, म्हणजे साधारण पाचवीपर्यंतच्या प्राथमिक शाळेत, जाणार हे ठरतं. ती रेघ ओढायचं काम स्थानिक शिक्षण मंडळाचं, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनचं. रेघ हलणार अशी कुणकुण लागली की मराठी मंडळांचे व्हॉट्सअॅप गट रात्री दीड-दीडपर्यंत जागे असतात. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं मेरीलंड आणि उत्तर व्हर्जिनियातली आहेत. म्हणून उदाहरणं मुख्यतः मेरीलंडच्या हॉवर्ड काउंटीची (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) घेतली आहेत. तिथला २०१९चा शाळांच्या हद्दींचा फेरबदल मोठा होता आणि त्याचे नियम, नकाशे, चर्चा सगळं उघड झालेलं आहे. तुमच्या काउंटीत आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत साधारण हीच.

प्रश्न : मुलीची शाळा ११५ टक्के भरल्याचा ईमेल आला. पण तिच्या वर्गात तर २४च मुलं आहेत! मग गर्दी आहे कुठे? आणि आवारात आणखी दोन पोर्टेबल, म्हणजे तात्पुरते वर्ग, आणून ठेवले तर भागणार नाही का? (एलिकॉट सिटी)

गर्दी वर्गात नाही, इमारतीत आहे. पट वाढला की मंडळ शिक्षक वाढवतं आणि तुकड्याही वाढवतं. म्हणून तुकडी २४चीच राहते. ती बसवायची कुठे, हा खरा प्रश्न.

क्षमता कशी काढतात ते पाहा. मेरीलंड राज्य प्री-केच्या (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाच्या) खोलीला २०, किंडरगार्टनच्या खोलीला २२, पहिली ते पाचवीच्या खोलीला २३ आणि विशेष शिक्षणाच्या स्वतंत्र खोलीला १० मुलं धरतं. समजा एका शाळेत प्री-केची १, किंडरगार्टनच्या ४, पहिली ते पाचवीच्या २० आणि विशेष शिक्षणाची १ खोली आहे. २० अधिक ८८ अधिक ४६० अधिक १०, म्हणजे क्षमता झाली ५७८. पट ६६५ असेल तर ११५ टक्के. संगीत, चित्रकला, जिम, वाचनालय या खोल्या या बेरजेत नसतात. आवारात उभे केलेले पोर्टेबलही नसतात. त्यामुळे दोन काय, सहा पोर्टेबल आणलेत तरी आकडा ११५चा ११५च राहतो.

क्षमतेपेक्षा जास्त असलेली ८७ मुलं म्हणजे चार तुकड्या. दोन पोर्टेबलमध्ये गेल्या, एक संगीताच्या खोलीत, एक चित्रकलेच्या. मग चित्रकलेच्या बाई रंग, कागद आणि पाण्याचे मग एका ढकलगाडीवर लादून वर्गावर्गातून फिरतात. तिथे ‘आर्ट ऑन अ कार्ट’ म्हणतात ते हेच. मातीकाम बंद होतं, कारण भट्टी काही गाडीवर मावत नाही. कॅफेटेरियात २०० जागा असतील तर ५७८ मुलं तीन पंगतींत उरकतात, ६६५ना चार पंगती लागतात. एक पंगत अर्ध्या तासाची, टेबलं पुसायला पाच मिनिटं. चार पंगती दुपारी एकच्या सुमारास आटपायच्या तर पहिली पावणेअकराला बसवावी लागते. त्या पंगतीतलं पोर दोन वाजता भुकेनं कासावीस झालं तर दोष डब्याचा नसतो. पोर्टेबलमधल्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. बहुतेकांना स्वच्छतागृहासाठी मुख्य इमारतीत यावं लागतं, आणि इमारतीचं दार सुरक्षेसाठी बंद. मग जोडीने जा, बझर दाबा, वाट पाहा.

पोर्टेबल हा दोन-तीन वर्षं ढकलायचा उपाय आहे. पट तेवढ्याच काळापुरता फुगला असेल तर तो स्वस्त आणि शहाणपणाचा ठरतो. पण फुगवटा कायमचा आहे की तात्पुरता, हे अंदाजावर अवलंबून असतं आणि अंदाज चुकतात. त्यात पाच वर्षांपूर्वीचे जन्म, दर वर्षी एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण, नवी बांधकामं आणि जुन्या घरांची फेरविक्री धरतात. सगळ्यात फसवी ही फेरविक्रीच. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉलनीत एक निवृत्त जोडपं घर विकून फ्लोरिडाला जातं आणि तिथे तीन मुलांचं कुटुंब येतं. वीटही न रचता पट तीनाने वाढला. हॉवर्डमध्ये एखादी एलिमेंट्री १०५ टक्क्यांपुढे जाईल असा अंदाज निघाला की तिच्या हद्दीतल्या नव्या गृहप्रकल्पांना थांबवून ठेवायचा कायदा आहे. पण तो नव्या घरांपुरता; फेरविक्रीला कोण अडवणार?

प्रश्न : शाळा आमच्यापासून ०.८ मैलावर. नव्या नकाशात आम्हाला अडीच मैलांवरच्या शाळेत टाकलंय. रस्त्यापलीकडच्या कॉलनीला मात्र हात लावलेला नाही. हे राजकारण नाही तर काय? (कोलंबिया)

कधीकधी राजकारणही असतं. पण ते बोलण्याआधी आपल्या पॉलिगॉनचा क्रमांक शोधून काढा.

हॉवर्डच्या नियोजन विभागाने सगळ्या काउंटीचे लहान लहान तुकडे पाडले आहेत. त्यांना पॉलिगॉन म्हणतात. व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीत त्यांना प्लॅनिंग झोन म्हणतात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि त्यात एलिमेंट्रीची किती मुलं राहतात याचा आकडा असतो. फेरबदलात गल्ली किंवा घर हलत नाही, अख्खा पॉलिगॉन हलतो. वरच्या उदाहरणातली शाळा ११० टक्क्यांच्या आत आणायची तर ३० मुलं हलली तरी पुरे, १०० वर आणायची तर ८७. तुमच्या पॉलिगॉनमध्ये ७० मुलं असतील आणि पलीकडच्यात १४, तर पलीकडचा हलवून कुणाचंच काम होत नाही. उलट १४ मुलं जुन्या मैत्रिणींपासून तुटून नव्या शाळेत एकटी पडतात. हॉवर्डच्या २०१९च्या धोरणात असं लिहिलं होतं की एका शाळेतून पुढच्या टप्प्याच्या शाळेत जाणारा गट तिथल्या पटाच्या १५ टक्क्यांपेक्षा लहान नसावा. दर वेळी ते साधतंच असं नाही, पण पलीकडची कॉलनी सुटायचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

दुसरं कारण साखळीचं. तुमच्या जवळची दुसरी शाळाही भरलेली असते. रिकाम्या जागा असतात काउंटीच्या दुसऱ्या टोकाला. मग पहिल्या शाळेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं ढकलत न्यावं लागतं. मधल्या शाळेतले पालक तावातावाने विचारतात, ‘आमची शाळा तर ९८ टक्क्यांवर आहे, आम्हाला का हलवताय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तुमची जागा वरून येणाऱ्यांना हवी आहे.

तिसरं, चालत जाणारी मुलं. मेरीलंडच्या मॉन्टगोमेरी आणि व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीत एलिमेंट्रीला १ मैलापर्यंत बस मिळत नाही. चालत येणाऱ्यांना लांब टाकलं की नवी बस, नवा ड्रायव्हर आणि दर वर्षीचा खर्च आला. म्हणून मंडळं शक्यतो त्यांना हलवत नाहीत. पण तुमचा ०.८ मैल चौपदरी रस्ता ओलांडून आणि फुटपाथविना असेल, तर तुमच्या मुलांना आजही बस येत असणार. तशी येत असेल तर कागदावर तुम्ही ‘चालणारे’ नाही, बसवाले आहात; आणि बसवाल्यांना हलवणं सोपं. हा एक मुद्दा आधी तपासा. ‘आम्ही चालत जातो’ असं बोर्डापुढे सांगायचं आणि त्यांच्या यादीत तुम्ही बसवाले निघायचे, यासारखा मुखभंग नाही.

आता राजकारण. प्रस्ताव सुपरिंटेंडंट, म्हणजे काउंटीच्या शाळांचे प्रशासकीय प्रमुख, मांडतात, मतदान बोर्ड करतं, आणि मधल्या कार्यसत्रांमध्ये सदस्य एकेका पॉलिगॉनवर दुरुस्त्या सुचवतात. हॉवर्डमध्ये ऑगस्ट २०१९च्या प्रस्तावात सुमारे ७,४०० विद्यार्थी हलणार होते. नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात ते सुमारे ५,४०० राहिले. मधल्या तीन महिन्यांत २,००० मुलांचा फरक पडला, तो सुनावण्या आणि दुरुस्त्यांतून. त्यातल्या काही दुरुस्त्या शेवटच्या आठवड्यांत येतात आणि ज्यांचं नाव आधी कुठेच नव्हतं असे पॉलिगॉन एकाएकी यादीत दिसू लागतात. ‘आपण सुटलो’ म्हणून मधेच लक्ष काढून घेणारे पालक इथे फसतात.

प्रश्न : ‘सामाजिक-आर्थिक विविधता’ या कारणासाठी आमची कॉलनी हलणार आहे. आम्ही स्वतःच इथे अल्पसंख्य. शाळेत निम्मी मुलं आशियाई आहेत. आणखी कसली विविधता हवी? आणि हे कायद्यात बसतं का? (क्लार्क्सबर्ग)

विविधता या एका शब्दाखाली तीन वेगळी मापं लपलेली असतात: वंश, घरची भाषा आणि उत्पन्न. नकाशा काढताना मुख्यतः तिसरं वापरतात. त्याचं माप म्हणजे फार्म्स, शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण. केंद्राच्या दारिद्र्य मर्यादेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. २०२५-२६ साठी चौघांच्या कुटुंबाला हे आकडे वर्षाला ४१,७९५ आणि ५९,४७८ डॉलर आहेत. तुमच्या शाळेत थालीपीठ, इडली, डंपलिंग आणि बेगल एकाच टेबलावर उघडत असतील, पण सगळ्यांची घरं एकाच किमतीची असतील तर या मापाने ती शाळा एकरंगीच.

कायद्याचं म्हणाल, तर २००७ साली सिएटल आणि लुईव्हिलच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की एकेका मुलाचा वंश पाहून त्याला शाळा देता येणार नाही. मात्र न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात काही वाटा उघड्या ठेवल्या: नवी शाळा कुठे बांधायची, आणि वस्त्यांची एकंदर रचना लक्षात घेऊन हद्द कशी आखायची. उत्पन्नाचा निकष तर या बंदीत येतच नाही. तुमच्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या धोरणात विद्यार्थ्यांची सामाजिक रचना, भूगोल, शाळा वारंवार न बदलणे आणि इमारतीचा वापर असे चार निकष आहेत. २०१८ मध्ये दुरुस्ती करून त्यातल्या पहिल्यावर जास्त भर दिला गेला. थोडक्यात, ‘हे बेकायदा आहे’ हा मुद्दा टिकणार नाही.

टिकणारा मुद्दा अंकगणिताचा आहे. कल्पित आकड्यांवर करून पाहू. अ शाळेची क्षमता ५२०, पट ६००, त्यात फार्म्सची ६० मुलं, म्हणजे १० टक्के. ब शाळेची क्षमता ६००, पट ५००, फार्म्सची २२५, म्हणजे ४५ टक्के. अ मधून ८० मुलांची एक सुखवस्तू कॉलनी ब मध्ये हलवली, त्यात फार्म्सची ६. आता अ चा पट ५२०, बरोबर १०० टक्के भरलेली. ब ५८० वर, ९७ टक्के. गर्दी मिटली. फार्म्स? अ मध्ये १०.४, ब मध्ये ३९.८. म्हणजे ब मध्ये पाच टक्क्यांचा फरक पडला आणि अ जशी होती तशीच.

अ सुद्धा बदलायची तर ब मधून मुलं आणावी लागतील. समजा ६० मुलांची एक अपार्टमेंटवस्ती आणली, त्यात फार्म्सची ३६. फार्म्सचं प्रमाण अ मध्ये १५.५ आणि ब मध्ये ३७.५. छान. पण अ चा पट परत ५८०, म्हणजे १११.५ टक्के, आणि ब ८७ वर उतरली. हॉवर्डने शाळेच्या वापराची, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के पट याची, पट्टी ९० ते ११० टक्के ठेवली होती. दोन्ही शाळा पट्टीच्या बाहेर! गर्दी आणि विविधता या दोन गोष्टी एकाच रेघेने साधायच्या म्हटलं की पॉलिगॉनची अशी अदलाबदल करावी लागते, बसफेऱ्या वाढतात आणि दोन्ही उद्दिष्टं अर्धीमुर्धी पदरात पडतात. म्हणून बोर्डाला विचारायचा प्रश्न हा: या हालचालीने दोन्ही शाळांचं प्रमाण नेमकं कितीवरून कितीवर जातं, आणि त्यासाठी किती मुलं किती मिनिटं जास्त बसमध्ये बसतात? पाव टक्क्यासाठी वीस मिनिटं मागत असतील तर जरूर भांडा. ४५ वरून ३७ होत असेल तर मात्र आपण कशासाठी भांडतोय ते स्वतःशी एकदा तपासावं, असं आमचं मत. ब मधल्या शिक्षकाला एका वर्गात भूक, भाषा आणि भाड्याचं घर सुटण्याची भीती असलेली अकरा मुलं सांभाळायची की नऊ, हा फरक लहान नसतो.

आणखी दोन गोष्टी. हलवली जाणारी ती अपार्टमेंटवस्ती याआधी किती वेळा हलली आहे, ते पाहा. संध्याकाळच्या सुनावणीला येणं ज्यांना जमत नाही, त्यांची वस्ती नकाशावर सगळ्यात सैल असते. आणि फार्म्सचा आकडा डोळे झाकून घेऊ नका. ज्या शाळेत सरसकट सगळ्यांना मोफत जेवण आहे तिथे पालकांकडून अर्ज भरून घेत नाहीत. सरकारी मदतीच्या याद्यांवरून मोजणी होते आणि त्या याद्यांत नसलेली गरीब स्थलांतरित कुटुंबं निसटतात. मेरीलंड राज्य प्रत्येक शाळेचं जे रिपोर्ट कार्ड काढतं त्यावर ५ टक्क्यांच्या खालचा आकडा नेमका छापतही नाहीत.

हॉवर्डमध्ये हा विषय इतका पेटतो त्याला इतिहास आहे. शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरलं १९५४ साली. काउंटीतलं कृष्णवर्णीयांसाठीचं हॅरिएट टबमन हायस्कूल बंद व्हायला १९६५ उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, बांधकाम व्यावसायिक जेम्स राऊस यांनी सगळ्या वर्णांच्या आणि उत्पन्नांच्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून कोलंबिया हे शहर वसवलं. तिथे शाळेची रेघ ही नुसती रेघ कधीच नव्हती.

प्रश्न : संकेतस्थळावर जुन्या शाळेचं रेटिंग दहापैकी ९, नव्या शाळेचं ५. घराची किंमत पडेल, हे बोर्डाला सांगावं का? (नाव न छापण्याची विनंती)

सांगू नका. घराची किंमत त्यांच्या निकषांत नाही, तुमची तीन मिनिटं वाया जातील.

रेटिंगचं म्हणाल तर त्यात परीक्षेच्या गुणांचं वजन मोठं असतं, आणि गुण घरच्या उत्पन्नाशी आणि आईबापाच्या शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. तुमच्यासारखी ८० घरं त्या शाळेत गेली की एकही शिक्षक न बदलता तिचं रेटिंग चढेल. मुलाचं कसं होईल हे पाहायचं तर राज्याच्या रिपोर्ट कार्डावर प्रगतीचा आकडा पाहा, म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे सरकली ते. आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण पाहा. मग मुख्याध्यापकांना भेटून दोन प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? आणि गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी चौथी-पाचवीत वेगळी तुकडी आहे का?

प्रश्न : सुनावणीत बोलायचं आहे. काय बोलावं? आम्ही कॉलनीतले चाळीस जण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून जाणार आहोत. (एलिकॉट सिटी)

टी-शर्ट फोटोत चांगले दिसतात.

वेळ दोन किंवा तीन मिनिटं मिळते आणि घंटा वाजली की माइक बंद. तीन मिनिटांत इंग्रजीतले साडेतीनशे शब्द नीट बोलून होतात. त्यामुळे कागदावर तेवढेच लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. पहिल्या दोन वाक्यांत पॉलिगॉनचा क्रमांक, सध्याची शाळा, प्रस्तावित शाळा आणि तुमची मागणी आली पाहिजे. मागणी ‘आम्हाला हलवू नका’ इतकीच असेल तर सदस्य मान डोलावतील आणि पुढचं नाव पुकारतील, कारण तुम्हाला सोडलं तर तेवढी मुलं दुसरीकडून काढावी लागतात. ती कुठून काढायची हे तुम्ही सांगितलंत की पेनं उचलली जातात. ‘आमच्याऐवजी अमक्या क्रमांकाचा पॉलिगॉन घ्या, त्यात ६४ मुलं आहेत, सगळी आजही बसने जातात, नव्या शाळेचं अंतर त्यांना १.१ मैल पडतं, आणि शाळेचा वापर १०३ टक्क्यांवर येतो’. असं एक वाक्य चाळीस टी-शर्टांना भारी पडतं. शेजाऱ्याच्या गळ्यात फास टाकल्यासारखं वाटेल, म्हणून त्या कॉलनीशी आधी बोला. तिथल्या काही पालकांना जवळची शाळा हवीच असते.

चाळीस जणांनी एकच मजकूर वाचू नका. एकाने पटाचा हिशेब मांडावा, एकाने बसचा वेळ: सकाळी साडेसातच्या वाहतुकीत स्वतः गाडी चालवून तीन दिवस मोजलेला, गूगलने दाखवलेला नव्हे. एकाने रस्ता ओलांडण्याचा धोका, फोटोसकट. बाकीच्यांनी लेखी पाठवावं. आणि कितीही संताप आला तरी दुसऱ्या शाळेतल्या मुलांबद्दल ‘तसली मुलं’, ‘तिथलं वातावरण’ असले शब्द नकोत. सगळं चित्रित होतं, जाहीर राहतं, आणि ज्या शाळेत कदाचित तुमचंच मूल जाणार तिथल्या शिक्षिका ते ऐकत असतात.

वेळापत्रक मात्र सांभाळा. हॉवर्डमध्ये जूनमध्ये नियोजन विभागाचा व्यवहार्यता अहवाल येतो. बहुतेकांना जाग येते सप्टेंबरमध्ये. जूनच्या अहवालावर दोन पानी, आकड्यांनिशी टिपण पाठवणाऱ्या पाच पालकांचं म्हणणं जितक्या गांभीर्याने वाचलं जातं, तितकं ऑक्टोबरच्या दोन हजार सह्यांचं वाचलं जात नाही.

प्रश्न : मोठा पुढच्या वर्षी पाचवीत, धाकटीला आयईपी (विशेष गरजांच्या मुलांसाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे. दोघं दोन शाळांत विभागली जातील का? (जर्मनटाउन)

शेवटच्या इयत्तेतल्या मुलांना जुन्या शाळेत राहू देण्याची सूट अनेक मंडळं त्या-त्या ठरावात देतात, पण ती आपोआप मिळत नाही. ठरावाचा मजकूर वाचा, अर्जाची तारीख चुकवू नका. सूट मिळाली तरी बस बहुधा मिळत नाही, आणि धाकट्या भावंडाला ती लागू असेलच असं नाही. मग सकाळी दोन शाळांच्या वेळा आणि एक गाडी, हा हिशेब आधी करा.

आयईपी मुलीबरोबर जातो. नव्या शाळेला त्यातल्या सेवा द्याव्याच लागतात. पण ती स्वतंत्र विशेष वर्गात असेल तर तो वर्ग नव्या इमारतीत आहे का ते लेखी विचारा. नसेल, तर तिची शाळा हद्दीवरून नव्हे, कार्यक्रमावरून ठरेल. आणि सगळे विसरतात ते शाळेआधी-शाळेनंतरचं पाळणाघर. प्रत्येक इमारतीत ते चालवणारी संस्था वेगळी, तिची प्रतीक्षायादी वेगळी. मतदान झालं त्याच आठवड्यात तिथे नाव घाला.

प्रश्न : मुलाकडे सहा महिने आलो आहे. पत्त्यावरून शाळा ही काय सक्ती? आपल्याकडे असं काही नसतं. (एक आजोबा, मूळ ठाणे)

आजोबा, आपल्याकडेही आहे, फक्त दुसऱ्या दाराने. शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात घरापासून १ किलोमीटर आणि ३ किलोमीटर ही अंतरं मोजतात, आणि पालक अर्ज भरताना नकाशावरचा लाल फुगा सरकवत बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खासगी शाळेला त्या २५ टक्क्यांतून मोकळीक. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलैमध्ये रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. वादाचं मूळ तेच: श्रीमंत आणि गरीब घरातली मुलं एका बाकावर बसणार की नाही. अमेरिकेत हा वाद सरकारी शाळांच्या आपसातल्या रेघेवर होतो, आपल्याकडे सरकारी आणि खासगी यांच्यामधल्या.

प्रश्न : मतदान झालं, आम्ही हरलो. कोर्टात जावं का? (क्लार्क्सव्हिल)

मेरीलंडमध्ये आधी राज्य शिक्षण मंडळाकडे अपील करावं लागतं, निर्णयापासून ३० दिवसांच्या आत. स्थानिक बोर्डाचा निर्णय मनमानी, अवाजवी किंवा बेकायदा होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. ‘यापेक्षा चांगला नकाशा शक्य होता’ एवढं पुरत नाही. शिवाय १९६७च्या बर्नस्टीन प्रकरणात मेरीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की विशिष्ट शाळेतच जाण्याचा हक्क कुणालाही नाही. म्हणून वकिलाला विचारायचं ते प्रक्रियेबद्दल: शेवटच्या दुरुस्तीत तुमचा पॉलिगॉन आला तेव्हा सूचना दिली होती का, त्यावर बोलायची संधी मिळाली का? तिथे खोट सापडली तरच पैसे घाला.

प्रश्न : घर घेतोय. एजंट म्हणतो ‘शाळा पक्की’. विश्वास ठेवावा का? (अॅशबर्न)

नाही. विक्रीच्या संकेतस्थळावर दिसणारं शाळेचं नाव कुणालाही बांधील नसतं. मंडळाच्या स्कूल लोकेटरवर घराचा पूर्ण पत्ता घाला, आणि मग पुढच्या पाच वर्षांचे पटाचे अंदाज उघडा. शाळा ११०च्या वर जाताना दिसत असेल किंवा दोन मैलांत नवी शाळा मंजूर असेल, तर रेघ हलणार असं धरून चाला. नवी शाळा उघडते तेव्हा तिची हद्द आजूबाजूच्या तीन-चार शाळांतूनच कापून काढतात. फेअरफॅक्सने २०२४च्या धोरणात दर पाच वर्षांनी सगळ्या काउंटीच्या हद्दी तपासायचं ठरवलं आहे. म्हणजे आज किंडरगार्टनमध्ये घातलेलं मूल पाचवीला पोचायच्या आत एकदा तरी नकाशा उघडणार. नकाशावर घर हद्दीच्या मधोमध आहे की कडेला, आणि चालायच्या अंतरात आहे का, एवढं पाहा. शाळेच्या दारापासून पाच मिनिटांवरचं घर क्वचितच हलतं. एजंटला विचारण्यापेक्षा शनिवारी सकाळी त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा चालत जाऊन या.